शेवटचं कोण बसलं होतं?

वसुधाताई पांढरीपांडे कुणाच्याही घरी बिघडलेला कॉम्प्युटर बघायला आल्या की आधी तो चालूच करायच्या नाहीत. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायच्या आणि काळ्या पडद्याकडे नुसत्या बघत राहायच्या. घरमालक मागे उभा, घरमालकीण स्वयंपाकघराच्या तोंडाशी. कुणी काही सांगायला गेलं तर हात वर करून थांबवायच्या. मग मान न वळवता विचारायच्या, “याच्यावर शेवटचं कोण बसलं होतं?”

प्रश्न तसा साधा. पण त्यांचा आवाज असा काही खाली जायचा, की मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. वास्तविक शेवटचा मीच बसलो होतो आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

ही गोष्ट दोन हजार दोनच्या हिवाळ्यातली. डेट्रॉईटजवळ नोव्हाय नावाच्या गावात आम्ही नवे नवे संसार थाटले होते. गावातल्या एकूण एक मराठी माणसाची भाकरी मोटारींवर चालायची. कुणी ब्रेकमध्ये, कुणी दिव्यांत, मी सीटच्या खालच्या रुळांमध्ये. ऑफिसात कुणीतरी लिनक्सचं, म्हणजे विंडोजसारख्याच पण फुकट मिळणाऱ्या प्रणालीचं, कौतुक केलं आणि मला हुक्की आली की आपणही घरच्या कॉम्प्युटरवर ते घालायचं. विंडोज काढायचं नाही. एकाच यंत्रात दोन्ही नांदवायची, आणि यंत्र सुरू करताना त्यानं विचारायचं, आज कुणाकडे जायचं? पुण्याच्या माणसाला कुठल्याही कामाचं पुस्तक वाचलं की ते काम आलंच असं वाटतं. मलाही वाटलं. संध्याकाळपर्यंत दोन्हीपैकी एकही चालू होईना. पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली आणि माझी बायको मीनल मागे उभी राहून म्हणाली, “लग्नाचे सगळे फोटो त्याच्यात आहेत. मी फक्त आठवण करून देतेय.”

मित्रांना फोन केले. सगळ्यांचं एकच उत्तर, “फॉरमॅट मार, यार.” आमच्या पिढीच्या मराठी इंजिनिअरांनी या शब्दाला ‘मारणं’ हे क्रियापद लावलं ते उगीच नाही. मारण्यात आम्ही सगळे पटाईत होतो. जिवंत कसं करायचं ते मात्र एकाच व्यक्तीला यायचं, आणि ती व्यक्ती आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या मागच्या इमारतीत राहायची.

त्या आल्या तेव्हा अंगावर नवऱ्याचा भला मोठा कोट होता, बाह्या दुमडलेल्या. खाली सुती पंजाबी ड्रेस आणि पायात बर्फाचे बूट. उंच, शिडशिडीत, पंचेचाळिशीच्या आसपासच्या. हातात कापडी पिशवी, तिच्यात एक स्क्रू ड्रायव्हर, थोड्या सीड्या आणि स्वतःच्या चहाचा थर्मास. यंत्र सुरू होईपर्यंत त्या घरातलं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. मीनलनं चहा विचारला तर म्हणाल्या, “आधी हा काय म्हणून राहिला ते पाहू.”

मग तो प्रश्न. मी म्हणालो, “मीच बसलो होतो, पण मी काही केलं नाही. आपोआप गेलं.”

“आपोआप काही जात नाही हो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही घाबरलात आणि काहीतरी दाबलं. काय दाबलं ते खरं सांगा. मी तुमच्या बायकोला काही सांगणार नाही.” बायको दीड हातावर उभी होती.

मी खरं सांगितलं. त्यांनी बोटाच्या पेरानं कॅबिनेटवर हलकं टकटक केलं, दारावर करावं तसं, आणि मग बटण दाबलं. तासाभरात विंडोज आणि लिनक्स दोन्ही परत आली. म्हणाल्या, “घर जिथल्या तिथे आहे. तुम्ही दारावरची पाटी पुसून टाकली होती, बस. आतले लोक आतच बसून होते.” शेवटचं वाक्य त्या इतक्या सहज बोलल्या, की फोटो परत मिळाल्याच्या आनंदातसुद्धा मीनलनं त्या यंत्राकडे एकदा वळून बघितलं. त्यानंतर बरेच दिवस ती एकटी असताना त्या खोलीचं दार ओढून घ्यायची.

वसुधाताई मूळच्या नागपूरच्या. तिथे एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम करायच्या. नवऱ्याच्या मागे अमेरिकेत आल्या त्या ज्या व्हिसावर, त्यावर नोकरी करायची सोय नव्हती. कुणी मोबदल्याचा विषय काढला की म्हणायच्या, “मी काम करत नाही बापा, मी फक्त बघायला येते.” नवरा श्रीधरराव मोटारींचे ब्रेक तपासायचे, इतके अबोल की त्यांच्या बाजूला बसलं की आपणच जास्त बोलतोय असं वाटून आपणही गप्प व्हायचो. आणि या अख्ख्या मोटारींच्या मुलखात वसुधाताई गाडी चालवायला शिकल्या नाहीत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मग त्यांना कुठे नेण्या-आणण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं, आणि मलाही ते आवडायचं. लोकांची घरं आतून बघायला मिळायची. लोकांचं खोटं तर त्याहून जास्त बघायला मिळायचं. शेवटचं कोण बसलं होतं, यावर नवरा बायकोकडे बघायचा, बायको मुलाकडे, आणि मुलगा छताकडे.

सबनीसांच्या घरी त्यांनी जे केलं त्याची गावात बरीच वाहवा झाली. सबनीसांच्या आई त्यांच्याकडे राहायच्या, त्या थंडीच्या तोंडावर वारल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी सबनीसांच्या मुलीच्या, अन्वीच्या, कॉम्प्युटरवर एक चमत्कार सुरू झाला. ती शाळेतून येऊन संध्याकाळी चारला निबंध लिहून ठेवायची आणि यंत्र म्हणायचं, हा निबंध रात्री नऊला लिहिला. रात्रीचे नऊ अजून वाजलेलेच नसायचे. घड्याळ नीट लावावं, तर दोन दिवसांनी पुन्हा पुढे. सबनीस वहिनी आम्हाला दारातच म्हणाल्या, “सासूबाई नऊला झोपायच्या. बरोब्बर नऊला. तुम्हीच सांगा आता.” कॉम्प्युटरशेजारी त्यांनी नारळ ठेवला होता. अन्वी म्हणाली, “मॉम, धिस इज सो क्रीपी,” आणि ती नारळाबद्दल म्हणाली की आजीबद्दल ते काही कळलं नाही.

वसुधाताई नेहमीसारख्या बसल्या. अन्वीला म्हणाल्या, “शेवटचं कोण बसलं होतं?” अन्वी म्हणाली, “मी.” “आणि लिनक्स कुणी घातलं?” अन्वीनं मान खाली घातली. शाळेतल्या एका मित्रानं येऊन घालून दिलं होतं, घरच्यांना पत्ता नव्हता. वसुधाताई वहिनींना म्हणाल्या, “एका घरात दोन सुना आहेत, घड्याळ एकच आहे. एक म्हणते घड्याळात इथली वेळ ठेवायची. दुसरी म्हणते लंडनची ठेवायची, इथली आपण मनात हिशोब करून घेऊ. जी सून येते ती आपल्या मनासारखे काटे फिरवते. दुसरी आली की तिला वेळ चुकलेली दिसते. भूत नाही, घड्याळ आहे.” त्यांनी एक ओळ बदलली आणि दोन्ही सुनांचं एकमत करून टाकलं. नारळ फोडून आम्ही खोबरं खाल्लं. ‘भूत नाही, घड्याळ आहे’ हे वाक्य पुढे महाराष्ट्र मंडळात चांगलंच चाललं. गणपतीच्या जेवणात भात कमी पडला तरी कुणीतरी ते म्हणायचं.

परतताना गाडीत मी त्यांचं कौतुक करत होतो. त्या बाहेरच्या बर्फाकडे बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, “त्या बाईला सासू हवी होती हो.”

“म्हणजे?”

“रोज नऊ वाजता येऊन राहिली होती. आता नाही येणार. मी बंद केलं.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. गाडीतला हीटर मोठा करूनही मला उगाच थंडी वाजत राहिली.

त्यांच्या स्वतःच्या घरी मी पहिल्यांदा गेलो ते बऱ्याच महिन्यांनी. एक सीडी परत करायची होती. दुपार होती, बाहेर बर्फावर ऊन पडलेलं, त्यामुळे खोलीत सगळीकडे खालून उजेड आल्यासारखा वाटत होता. टेबलावर एक जुनाट, पिवळट पडलेलं कॅबिनेट होतं, एका कडेला चिकटपट्टीनं जोडलेलं. लोकांची यंत्रं नीट करणाऱ्या बाईचं यंत्र इतकं म्हातारं असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी टकटक करून ते सुरू केलं आणि पडद्यावर, आज कुणाकडे जायचं, असा प्रश्न आला. बाकी सगळ्यांकडे तिथे विंडोज आणि लिनक्स अशी नावं असायची. यांच्याकडे रोमन अक्षरांत दोनच शब्द होते. ‘माहेर’ आणि ‘सासर’. खाली आकडे उलटे मोजले जात होते.

“काहीच नाही दाबलं तर आपोआप सासर येते,” त्या म्हणाल्या. “माहेरी जायचं तर तेवढ्या वेळात बोट ठेवावं लागते.” आणि त्यांनी बोट ठेवलं.

माहेर उघडलं. घड्याळात भारतातली वेळ होती, तिकडे मध्यरात्र झाली होती. परवलीचा शब्द देताच पडद्यावर एक ओळ उमटली, ‘लास्ट लॉगिन’, आणि पुढे एक दिवस आणि वेळ. या खात्यात शेवटचं कोणी कधी आलं होतं ते लिनक्स दर वेळी असं सांगतं. खात्याचं नाव वसुधा नव्हतं. मुकुंद होतं.

मुकुंद त्यांचा धाकटा भाऊ. नागपुरात तंत्रनिकेतनात शिकवायचा. लिनक्स हा शब्द आमच्यापैकी कुणी ऐकलाही नव्हता तेव्हा त्यानं ते घरी चालवून दाखवलं होतं, बहिणीला शिकवलंही होतं. अठ्ठ्याण्णव साली एका सकाळी तो चप्पल घालून बाहेर पडला आणि परत आला नाही. भांडण नव्हतं, आजार नव्हता, देणं नव्हतं. पोलीस झाले, दवाखाने झाले, दूरदर्शनवर फोटो झाला. काही नाही. वसुधाताई अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांनी भावाच्या यंत्रातली डिस्क काढून कपड्यांच्या घडीत घालून आणली आणि इथे आल्यावर स्वतःच्या यंत्रात बसवली. तेच त्यांचं माहेर.

“जाताना काही बोलला नाही?” मी विचारलं.

“बोलला ना. ‘येतो’ म्हणाला.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “आपल्यात जातो कुठं म्हणतात? यायचं असलं तरी येतो, नसलं तरी येतोच. मग कसं कळणार?”

परवलीचा शब्द त्या दोघांनाच माहीत होता, हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. लहानपणचा कुठलासा चिडवायचा शब्द होता. दर आठवड्याला त्या एकदा तरी माहेरी जायच्या आणि शेवटचं कोण येऊन गेलं ती ओळ वाचायच्या. दर वेळी ती त्यांची स्वतःचीच मागच्या वेळची असायची. मी घरी येऊन मीनलला हे सांगितलं तेव्हा ती रडली. मला रडू आलं नाही. मला त्या ओळीची भीती वाटली.

दोन हजार पाच साली त्यांच्या आईनं विषय काढला. आई नागपुरात थोरल्या मुलाकडे होत्या, हृदय अशक्त झालेलं. माणूस बेपत्ता झाला आणि देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पालाशविधी म्हणतात त्याला. लोक सांगतात की बारा वर्षं वाट बघून मग करावा. आईंकडे बारा वर्षं नव्हती. आपल्या डोळ्यांदेखत पोराला वाट मोकळी करून द्यावी, तो कुठे अडकून राहिला असेल तर सुटावा, एवढंच त्यांना हवं होतं. गुरुजी तयार होते. थोरला भाऊ तयार होता. पण आईंनी अट घातली होती, वसुधा हो म्हणाली तरच. “तुझा तो माझ्यापेक्षा जास्त होता,” असं त्या दर रविवारी फोनवर म्हणायच्या.

वसुधाताई हो म्हणत नव्हत्या. नाहीही म्हणत नव्हत्या. त्या वसंतात मी त्यांना कुठेही पोचवायला निघालो की थोड्या वेळानं त्यांचं तेच सुरू व्हायचं. “हो म्हटलं तर मी त्याला मारलं. नाही म्हटलं आणि उद्या आईच गेली, तर तिला तशीच पाठवली. सांगा, काय करू?” मी वळणं नीट घेत राहायचो. आईंचा आवाज रविवारागणिक बारीक होत चाललाय, असं त्या म्हणायच्या.

एप्रिलात श्रीधररावांच्या पुतणीचं लग्न होतं, टेक्ससमध्ये, शुगर लँडला. दोघं बुधवारी विमानानं गेले. तुळशीला पाणी घालायला चावी माझ्याकडे दिली होती. गुरुवारी मी ऑफिसला जाता जाता डोकावलो. पडदे ओढलेले, घर थंड. तुळशीला पाणी घातलं आणि जाताना सवयीनं कॉम्प्युटरकडे नजर गेली. वसुधाताई नीटनेटक्या बाई, त्यांनी त्याचा प्लग भिंतीतून काढून वायर गुंडाळून ठेवली होती. मला ते दृश्य पक्कं आठवतं, कारण त्या थंड खोलीत मला राहून राहून वाटत होतं की मी मोठ्यानं काहीतरी बोलावं. तसाच कुलूप लावून निघालो.

रविवारी दोघं परत आले. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मला वसुधाताईंचा फोन. “जरा येता का? आत्ता.” असं त्यांनी त्यापूर्वी कधी बोलावलं नव्हतं.

मी गेलो तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या, पण यंत्राकडे पाठ करून. मागे पडद्यावर माहेर उघडं होतं. त्यांनी मला खूण केली, वाचा. मी वाचलं. शेवटचं कुणीतरी आलं होतं ते गुरुवारी. भारतातली दुपारची वेळ.

“याच्यावर शेवटचं कोण बसलं होतं?” त्यांनी मला विचारलं.

“ताई, मी फक्त तुळशीला...”

“तुम्ही नव्हते ना बसले?”

“नाही. प्लगसुद्धा काढलेला होता. मी बघितला.”

त्यांनी डोळे मिटले. त्या खोलीत तेव्हा मला जी भीती वाटली ती मी आजही नीट सांगू शकत नाही. पडद्यावर मुकुंद हे नाव, पुढे एक पांढरी रेघ लुकलुकतेय, बाहेर लख्ख ऊन, आणि गुरुवारी या वायरीतून वीज जात नव्हती हे मी स्वतःच्या तोंडानं नुकतंच सांगितलेलं.

मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. यंत्राच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. प्लग काढलेला असताना घड्याळ त्या सेलवर चालतं. सेल मरायला टेकला की घड्याळ मागे पडतं. रविवारी प्लग लावला तेव्हा ते घड्याळ गुरुवारातच रेंगाळत असणार. तेवढ्यात कुणी माहेरी जाऊन आलं असेल, तर यंत्र नोंद करणार गुरुवारची. मग सासर, म्हणजे विंडोज, सुरू केलं की ते इंटरनेटवरून खरी वेळ आणून घड्याळ सरळ करतं. आणि सोमवारी पुन्हा माहेरी गेलं की ही ओळ दिसते.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण पहिल्यांदा ऐकत असल्यासारख्या नव्हत्या.

“काल आल्याआल्या तुम्ही माहेरी गेला होतात ना?” मी विचारलं.

“गेली असेन.”

“असेन म्हणजे?”

लोकांकडून खरं काढणारी ती बाई माझ्याकडे बघेना. “थकलेली होती मी. सामान होतं. गेली असेन नाही तर नसेनही.”

“ताई, भूत नाही, घड्याळ आहे,” मी म्हणालो, शक्य तितक्या मऊ आवाजात. “मी आत्ता सेल आणून बदलून देतो.”

त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला, पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. “सेल केव्हाचा गेला आहे,” त्या म्हणाल्या. “मागच्या थंडीपासून. मला काय कळत नाही का? लोकांचे किती बदलून दिले मी.”

“मग बदलला का नाही?”

“घड्याळ बरोबर झालं की मग फक्त मीच येईन ना इथे,” त्या म्हणाल्या. “थोडं चुकतं राहिलं तर कुणीही येऊ शकते.”

मला त्यांचा राग आला. एवढी हुशार बाई, आणि तिकडे एक म्हातारी श्वास मोजत त्यांच्या उत्तराची वाट बघतेय. मी तसं बोललोही. आईंना आता काहीतरी सांगून टाका, म्हणालो. मग मी ऑफिसला परत गेलो.

विधी झाला, हे आत्ताच सांगून टाकतो. आईंच्या डोळ्यांदेखत झाला, आणि त्या पुढे पावसाळा सरेपर्यंत होत्या. श्रीधररावांना त्याच उन्हाळ्यात टेक्ससला नोकरी लागली आणि पांढरीपांडे नोव्हाय सोडून गेले. निरोपाच्या गडबडीत आमची भेट झाली नाही, मी कामासाठी गावाबाहेर होतो. पुढे फोन कमी होत गेले आणि मग थांबले. त्यामुळे माझ्या लेखी वसुधाताई शेवटच्या दिसल्या, त्या सोमवारनंतरच्या रविवारी सकाळी.

शनिवारी त्यांचा फोन आला होता. “उद्या येताना तो सेल घेऊन या. बदलून टाकू.” एवढंच. मला बरं वाटलं. दुकानात घड्याळांच्या काउंटरवर मी तो सेल घेतला, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बेल वाजवली. श्रीधररावांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत वसुधाताई नागपूरला फोनवर होत्या. कॉलिंग कार्डाचे आकडे लिहिलेला कागद बाजूला पडला होता, फोन स्पीकरवर होता. टेबलावर कॅबिनेट उघडं करून ठेवलेलं, पण यंत्र चालू होतं, पडद्यावर माहेर. माझ्या हातातलं पाकीट त्यांनी हात पुढे करून घेतलं आणि मुठीत धरलं.

“आई, मी हो म्हणते,” त्या म्हणाल्या. “करा.”

पलीकडून आईंचा आवाज आला, अगदी बारीक. “मनापासून न?”

“मनापासून.”

“गुरुजी तिथी विचारून राहिले. दादा म्हणते, घरून गेला तो दिवस धरू.”

वसुधाताईंनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांच्या नजरेत स्पष्ट दिसलं की त्या आता काय करणार आहेत, आणि हेही दिसलं की खरं काय ते त्यांना पुरतं ठाऊक आहे. आईला पोर सात वर्षं जास्त जगवून द्यायचं होतं त्यांना. “तो दिवस नको,” त्या म्हणाल्या. “त्याच्यानंतरही होता तो. मागच्याच्या मागचा गुरुवार धरा. माझ्याकडे कॉम्प्युटरवर त्याचं नाव आलं होतं गुरुवारी. माझ्याशिवाय आणि त्याच्याशिवाय ते कोणाला उघडता येत नाही. त्या दिवसापर्यंत होता, आई. मग नाही.”

श्रीधररावांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मध्ये बोलायचा माझा अधिकार नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ते खोटं फार आवडलं होतं.

“गुरुवारी?” आई म्हणाल्या.

“हो.”

“मग बरोबर आहे बाई.” फोनमध्ये खरखर झाली. “दुपारची पडून राहिली होती मी. अंगणातून ‘आई’ म्हणाला. साफ ऐकलं. उठून दार उघडलं तर कोणी नाही. मी कोणाला बोलली नाही, तुम्ही म्हणाल म्हातारीला भास होऊन राहिले. गुरुवारच होता तो, दत्ताच्या देवळात आरती होती त्या दिवशी. त्याचाच आवाज होता. जाताना सांगायला आला असंल.”

वसुधाताईंनी मूठ उघडून ते पाकीट टेबलाच्या कडेला ठेवलं, न बघता, आणि ते खाली पडलं. कुणी उचललं नाही. श्रीधरराव खिडकीपासून वळले. मी दाराकडे सरकलो, कारण त्या घरात आता माझं काही काम नव्हतं.

“किती वाजता, आई?” वसुधाताईंनी विचारलं, आणि दुसऱ्या हातानं कीबोर्ड जवळ ओढला.